आपोआप

त्या रस्त्यावर झाडं कापायचे चेनसॉ दुरुस्त करणारी एकच बाई होती, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर राग कायमचा मुक्कामाला होता. तोंडावर सगळे तिला ताई म्हणत. पाठ फिरली की ठिणगी. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर नाव तिला आवडलंही होतं. पण समोर म्हणून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. आत शिरताच डाव्या हाताला टेबल, टेबलाला घट्ट बसवलेला, मशीन आवळून धरणारा वाइस, भिंतीवर जाडीप्रमाणे ओळीने टांगलेल्या कानशी, आणि सगळ्यावर पेट्रोल नि ओल्या भुशाचा वास. कोपऱ्यात मेलेल्या मशीनचा ढीग. त्यांचे अवयव काढून ती जिवंतांना लावायची. गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची नव्हती. "बसायला आलायत का?" असं ती विचारी, म्हणून कुणी मागतही नसे.

दुकानाचा नियम एकच. मशीन टेबलावर ठेवायच्या आधी काय झालं ते सांगायचं, आणि सांगताना 'आपोआप' हा शब्द काढायचा नाही. आता चेनसॉ बाळगणाऱ्या माणसाला हा शब्द सोडून दुसरं काही येतच नाही, हीच तर गंमत. मशीन आपोआप बंद पडलं. चेन आपोआप ढिली झाली. धार आपोआप गेली. दगडात घातली हो तुम्ही ती धार! बिनतेलाचं पेट्रोल ओतून इंजिन भाजून काढायचं, चोक ओढून ठेवून दोरी खेचत बसायचं, चेन फिरते ती पट्टी झाडात अडकली की पहार घालून वाकवायची, आणि सगळं करून सवरून नामानिराळं व्हायचं. ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची ती इथे. ती समोरच्याला उभं करून सोलायची, आणि शेवटी तोंडातून 'मी केलं' एवढे दोन शब्द काढूनच घ्यायची.

"मोठ्याने म्हणा. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"मी केलं."

"हं. आता ठेवा टेबलावर."

ती हे का करायची, हे जुन्या लोकांना माहीत होतं. तिचा बाप झाडं तोडायचा. एकदा त्याने दुसऱ्याचं मशीन मागून नेलं. चेनसॉच्या पुढच्या हँडलपुढे ब्रेकची एक उभी दांडी असते. मशीन उसळून अंगावर आलं की ती मनगटावर आदळून पुढे ढकलली जाते, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच फिरती चेन थांबते. त्या मशीनचा ब्रेक मेलेला होता. मालकाला ते माहीत होतं, त्याने सांगितलं नाही. मशीन उसळलं आणि बापाच्या गुडघ्यात गेलं. नंतर मालक सफरचंदं घेऊन भेटायला आला आणि म्हणाला, "काय करणार, आपोआप झालं." बाप उरलेलं आयुष्य खुर्चीवर बसून चेनला धार लावत राहिला. ती त्याच्याकडून शिकली, घर तिने त्याच कानशीवर ओढलं, आणि धाकट्या भावाला पुढे झाडांवर पाठवलं तेही तिनेच धार लावलेलं मशीन हातात देऊन. धाकट्याला तिने पहिल्यांदा मशीन दाखवलं तेव्हा आधी ब्रेकची दांडी दाखवली होती.

त्या दिवशी सकाळी पहिला आला तो रंगारी. भिंती रंगवणारा माणूस, घरामागचं चिंचोळं झाड पाडायला त्याने मशीन घेतलं होतं.

"ताई, हे सुरूच होत नाही. कालपर्यंत चांगलं होतं. आप..."

"हं?"

"आप... आपल्याला काही कळलं नाही, असं म्हणत होतो."

तिने टाकीचं झाकण उघडून नाक जवळ नेलं आणि डोळे मिटले. "पेट्रोलच्या टाकीत चेनचं तेल ओतलंयत. दोन झाकणं आहेत. एकावर पंपाचं चित्र आहे, दुसऱ्यावर चेनचं. चित्र! अक्षरसुद्धा वाचायचं नाहीये! तुम्ही लोकांच्या भिंती रंगवता ना? डब्यात काय आहे ते बघून रंगवता की नाही?"

"मी केलं," रंगारी घाईघाईने म्हणाला.

"अजून विचारलं नव्हतं. ठेवा टेबलावर."

रंगारी सुटला आणि दारातून भावजय आत आली. धाकट्याची बायको. ती घरी शिवणकाम करायची, आणि या दुकानात सहसा पाऊल ठेवत नसे. हातात नवऱ्याचं मशीन होतं.

"ताई, तेवढी धार लावून देता? ते येतीलच घ्यायला. आज छापखान्यामागचं मोठं झाड आहे."

"त्याला पाय नाहीत?"

भावजयीने मशीन टेबलावर ठेवलं. गेला बराच काळ धाकटा दुकानात फिरकला नव्हता, आणि कारण दोघींनाही माहीत होतं. या मोसमाच्या सुरुवातीला ताईने त्याच्या मशीनच्या ब्रेकची स्प्रिंग बदलून दिली होती. चार दिवसांनी तो परत आला आणि भर दुकानात म्हणाला, "ताई, थोडं काम केलं की ब्रेक आपोआप लागतो." बस. तिने मशीन सुरू केलं, जरा फिरवलं, काही झालं नाही. मग ती सुटली. तुझंच मनगट लागत असेल दांडीला. नाचता येईना अंगण वाकडं. बापाच्या पोटी जन्माला येऊन हा शब्द तुझ्या तोंडात येतो कसा? म्हण, मी केलं. मोठ्याने म्हण, मागच्यांना ऐकू गेलं नाही. मागे गिऱ्हाइकं खाली बघत हसत होती. धाकटा मशीन उचलून निघून गेला होता.

आता तेच मशीन टेबलावर होतं, आणि पुसलेलं होतं. झाडं तोडणारा माणूस मशीन पुसून पाठवत नाही. पाठवलं, म्हणजे काहीतरी लपवायचं आहे. ताईने ते उजेडात धरलं. ब्रेकच्या दांडीवर, काळ्या रंगात, एक बारीक चकचकीत वळं घासलं गेलं होतं. तसंच दुसरं हँडलवर, बरोबर समोर.

"तार कुठाय?"

"कसली तार, ताई?"

"दांडी मागे ओढून हँडलला बांधलेली तार. ब्रेक लागूच नये म्हणून बांधतात ती. इथे यायच्या आधी सोडली आणि इथून गेल्यावर परत बांधणार, ती. माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला निघालात नवरा-बायको?"

भावजयीने आधी दाराकडे पाहिलं, मग खाली. आणि मग तिच्याने राहवलं नाही.

"मला तारेचं माहीत नव्हतं. पण परवा मी त्यांची कॉलर शिवली. अर्धी गेली होती. विचारलं तर म्हणाले, फांदीत अडकली." तिने बोट स्वतःच्या मानेवर ठेवलं. "इथे पट्टी लावलीये. दाढी करताना कापलं म्हणे. ताई, मी कापडातली आहे. फांदीने फाटलेल्या कापडाला काळं तेल लागत नाही."

ताईने मशीन खाली ठेवलं. क्षणभर तिला बापाचा गुडघा दिसला, आणि मग गुडघ्याच्या जागी मान. पण तिच्या पोटातलं काहीही वर येताना रागाचेच कपडे घालून यायचं, त्याला ती तरी काय करणार. तिने कानस उचलली आणि दातामागून दात असे घासत सुटली की भावजय घरी निघून गेलेलीही तिला कळली नाही.

धार पूर्ण होते तोच धाकटा आला. उंबऱ्याबाहेरच थांबला. मानेवर पट्टी होती.

"झालं का?"

"तार कुणी बांधली?"

त्याने बायकोला शोधलं, ती नव्हती. "मी बांधली."

"मोठ्याने."

"मी बांधली! ऐकू गेलं? आता का बांधली तेही विचार. नाही विचारणार. ब्रेक आपोआप लागतो म्हणून बांधली. सांगितलं होतं तुला."

"परत तोच शब्द!"

"हो, तोच! काय करणारेस? चेन लाकडात असते आणि ब्रेक लागतो. खांद्यातून कळ जाते. चार फांद्या झाल्या नाहीत तोवर मशीन अडतं, मुकादम शिव्या देतो, बाकीचे हसतात. रोज. आणि बहिणीकडे आलो तर बहीण चारचौघांत साल काढते."

"मग दुसऱ्या मिस्त्रीकडे जायचं होतंस!"

"बहीण मिस्त्री असताना? गेलो असतो तर तेही तूच काढलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून तिला आणखी राग आला. "बाबांचा गुडघा विसरलास?"

"तू विसरू देतेस?" धाकटा आत आला आणि त्याने टेबलावरचं मशीन उचललं. "ताई, तुला ना, चूक सापडायला हवी असते. माणूस नाही. लोक तुझ्याकडे मशीन आणण्याआधी घरी बसून खोटं काय सांगायचं ते ठरवतात, माहितीये?"

"जा!" ती ओरडली. "जा, बांध तार, आणि घे मान कापून! मग येऊ नकोस इथे, आपोआप कापली म्हणत!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. शब्द बाहेर पडले आणि रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानेही मान वर केली. धाकट्याने तिच्याकडे एकदा पाहिलं, मशीन मोटारसायकलला बांधलं आणि तो गेला. तिने त्याला थांबवायला हवं होतं. मशीन हिसकावून घ्यायला हवं होतं. ती नुसती टेबलाशी उभी राहून कानशीवरचा चुरा झटकत राहिली.

अशा वेळी दुकानात शिरू नये, हे सगळ्या रस्त्याला कळतं. बेकरीवाल्याला कळलं नाही. भट्टीची लाकडं फोडायला त्याच्याकडे तंतोतंत धाकट्यासारखंच मशीन होतं. अंगावर पीठ, हातात मशीन, आणि चेहऱ्यावर पाठ करून आल्याचा भाव.

"ताई, मी तो शब्द वापरणार नाही," त्याने आधीच सांगून टाकलं. "पण ब्रेक लागतो. आणि मी तो लावत नाही. आता याला दुसरा शब्द असेल तर तुम्हीच सांगा."

"मी केलं म्हणायचं!"

"म्हणतो. मी केलं. पण केलेलं नाहीये हो."

"द्या इकडे." तिने मशीन जवळजवळ ओढूनच घेतलं. "तुमचं मनगट कुठे लागतं ते आता तुम्हालाच दाखवते. हातच्या काकणाला आरसा कशाला."

दुकानामागे छोटं अंगण होतं, तिथे लाकडी घोडीवर एक ओंडका कायम बांधलेला असे. ती दोरी ओढून कापायला लागली. एरवी ती एक चकती पाडून मशीन बंद करायची. आज थांबेना. एक चकती बेकरीवाल्याची, एक रंगाऱ्याची, आणि बाकी सगळ्या धाकट्याच्या. भुसा चपलांवर साठला. इंजिन तापलं, हँडल तापलं, बेकरीवाला कानांत बोटं घालून भिंतीला टेकला.

टक्.

चेन जागच्या जागी थांबली. खांद्यातून कळ गेली ती थेट मानेपर्यंत. तिने खाली पाहिलं. दांडी पुढे पडली होती. तिचं मनगट तिथे नव्हतंच. जवळपासही नव्हतं.

तिने दांडी मागे ओढली, पुन्हा कापायला घेतलं. टक्. पुन्हा ओढली. टक्.

"बघा!" बेकरीवाला आनंदाने ओरडला. "आता म्हणू का तो शब्द?"

"गप्प बसा!"

तिने तिथेच पायरीवर बसून झाकण खोललं. आतली स्प्रिंग नवी होती, तिनेच घातलेली. या मोसमात नेहमीच्या स्प्रिंगा मिळाल्या नव्हत्या. विक्रेत्याने दुसऱ्याच बनावटीचं पाकीट दिलं होतं, आणि तिने एक स्प्रिंग जुनीच्या शेजारी धरून पाहिली होती. किंचित आखूड वाटली होती. चालेल, असं तीच म्हणाली होती. त्या पाकिटातली एक बेकरीवाल्याला गेली आणि एक धाकट्याला. थंड असताना ठीक धरत होती. तापली की ढिली पडत होती, आणि मशीनच्या थरथरीने दांडी सुटत होती. थोडं काम केलं की, असं तो म्हणाला होता. अगदी हेच शब्द. आणि तिने मशीन क्षणभर फिरवून त्याच्या अंगावर फेकलं होतं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत तिचा जन्म गेला होता. तिला स्वतःचाच इतका राग आला की तो काढायला समोर कुणी सापडेना. बेकरीवाला होता, पण तो आज बरोबर होता.

कोपऱ्यातल्या ढिगात तिने हात घातला, एका मेलेल्या मशीनची अस्सल स्प्रिंग उपसून काढली, पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर ओढणीत गुंडाळले आणि स्कूटर काढली.

"दुकान बघा!"

"अहो, माझी भट्टी पेटलीये! पाव आत आहेत!"

"करपू देत!"

बंद पडलेल्या छापखान्यामागे झाड आडवं झालेलं होतं. पडताना ते पत्र्याच्या छपराला घासून गेलं होतं आणि आता फांद्यांचा डोंगर घेऊन पडून होतं. मुकादम आणि तीन-चार माणसं बाजूला दोर गुंडाळत होती. धाकटा फांद्यांच्या मधोमध वाकलेला, पाठ तिच्याकडे, कानांवर आवाज अडवणारी झाकणं. मशीन पूर्ण जोरात चालू.

ती धावत निघाली, आणि निम्म्यावर स्वतःच थबकली. मशीन चालवणाऱ्याला मागून हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. दचकला की संपलं. हे तिने स्वतः त्याला शिकवलं होतं. मुकादम काही ओरडणार तोच तिने त्याला हाताने गप्प केलं. मग ती लांबून वळसा घालत, फांद्या ओलांडत त्याच्या समोर आली, त्याच्या नजरेत येईल अशा जागी उभी राहिली आणि वाट बघू लागली. ओरडायचं नाही. हलायचं नाही. आयुष्यात तिने असं काही केलं नव्हतं.

इथून तार दिसत होती. नवी होती, उन्हात चमकत होती. मशीनच्या पट्टीचं टोक पानांत शिरत होतं आणि पानांमागे, त्याला न दिसणारी, एक आडवी फांदी होती. टोक त्या फांदीला भिडलं की मशीन उसळणार, आणि त्याला थांबवणारं काही नव्हतं. ती टोकाकडे बघत होती. टोक पुढे गेलं. वर बघ, ती मनात म्हणत होती, बघ ना वर, गाढवा, एकदा बघ.

त्याने घाम पुसायला मान वर केली आणि ती दिसली. त्याने मशीन बंद केलं. एकदम एवढी शांतता झाली की दोर गुंडाळणारेही थांबले.

"आता काय?" तो कानांवरची झाकणं काढत म्हणाला. "मान बघायला आलीस? आहे अजून."

तिचं तोंड उघडलं आणि सवयीने पहिला शब्द आला तो 'तू'. तो तिने गिळला.

"स्प्रिंग चुकीची होती," ती म्हणाली. "मी बसवली. तू सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही. मी केलं."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. चेहरा मऊ वगैरे काही झाला नाही. मानेवरच्या पट्टीखाली शीर उडत होती.

"मोठ्याने म्हण," तो म्हणाला. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

मुकादम दुसरीकडे बघायला लागला. ताईचे कान लाल झाले. दुकानात त्या दिवशी खाली बघून हसणाऱ्यांतला एकजण इथेही होता. आज तो हसत नव्हता.

"मी केलं!" ती ओरडली. इतक्या जोरात की छपरावरचे पारवे उडाले.

धाकट्याने मशीन आणून तिच्यासमोर, ताज्या कापलेल्या बुंध्यावर ठेवलं. मग तो बाजूला उभा राहिला, हाताची घडी घालून, ती गिऱ्हाइकासमोर उभी राहायची तसा.

तिने पक्कड काढली आणि तार तोडली. तुकडे खिशात टाकले. झाकणाचा स्क्रू सोडवताना त्याची मान डोळ्यांसमोरच होती. पट्टीच्या कडेने निळं-काळं वर येत होतं, कानाच्या पाळीपासून जेमतेम खाली. तिची नजर तिथेच अडकली आणि स्क्रू निसटून भुशात पडला.

"कसा पडला?" धाकट्याने विचारलं.

ताईने मान वर केली. जिभेवर एक शब्द आयता येऊन बसला होता.

"मी पाडला," ती म्हणाली, आणि गुडघे टेकून भुसा चाळायला लागली. धाकट्याने हाताची घडी सोडली. मग पुटपुटत खाली वाकला आणि तोही शोधू लागला.